उत्तर देऊन लेकरू आपल्या तोंडाकडे का बघतं?

जिंतूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर यंदाच रुजू झालेल्या ताईंनी विचारलं आहे: दुसरी-तिसरीची मिळून २३ लेकरं माझ्याकडे आहेत. बहुतेकांना शंभरपर्यंत अंक तोंडपाठ आहेत, काहींना दहापर्यंत पाढेही येतात. पण ८ आणि ५ किती विचारलं की पुन्हा एकपासून बोटं मोजतात. सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितात. दुसरीतली एक मुलगी तर गणिताचा तास सुरू झाला की पाटी तोंडापुढं धरते. तीन महिने रोज उदाहरणं घालते आहे, फरक नाही. कुठून सुरुवात करू?

ताई, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर २८ वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले, त्यातली निम्मी वर्षं एकाच खोलीत दोन-दोन वर्ग बसवून. तुमचा प्रश्न वाचताना माझी सुरुवातीची पाच-सहा वर्षं डोळ्यापुढं आली. आधी एक करा, उदाहरणं घालणं थोडे दिवस थांबवा. अडचण उदाहरणांच्या आधीची आहे, त्यामुळे आणखी घालून ती सुटणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण वर्गात रोज घडत असणार. आठ आणि पाच किती विचारल्यावर लेकरू बोटं मोजून हळूच म्हणतं, "तेरा?" आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं. तुम्ही मान हलवली की खूश. तुमची भुवई जरा वर गेली की "चौदा... बारा..." सुरू. तेरा खरं आहे का, हे त्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळतं; हातातल्या बोटांवरून कळत नाही. भीती इथं आहे. खरं-खोटं ठरवणं पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असलं की मोठं माणूसही बिचकतं, हे तर सात वर्षांचं लेकरू. आपण त्यावर शाबासकी देतो, टाळ्या वाजवायला लावतो, वहीवर चांदणी काढतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्यानं लेकरू तेवढ्यापुरतं फुलतं आणि पुढच्या उदाहरणाला पुन्हा तोंडाकडेच बघतं. म्हणून पुढं जे सांगते आहे त्याचा रोख एकच आहे: आपलं उत्तर बरोबर आलं का, हे लेकराला आपलं आपण तपासता आलं पाहिजे.

पहिलं काम, प्रत्येक लेकराजवळ एकट्यानं पाच मिनिटं बसा. रोज चार घेतली तर आठवड्याभरात २३ होतात. पाटी-पेन्सिल नको. मूठभर चिंचोके आणि एक वाटी पुरे.

आठ चिंचोके ओळीत मांडा आणि मोजायला सांगा. "एक, दोन... आठ." मग विचारा, "तर मग किती आहेत?" काही लेकरं पुन्हा एकपासून मोजायला लागतील. त्यांच्या लेखी मोजणं म्हणजे बोट ठेवत शब्द म्हणणं. शेवटी म्हटलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे अजून बसलेलं नाही. जे लेकरू लगेच "आठ" म्हणेल त्याच्यापुढं तेच चिंचोके लांब-लांब पसरा आणि "आता किती?" विचारा. पुन्हा मोजायला लागलं तर समजा, पसरले म्हणजे वाढले असं त्याला अजून वाटतं. मग त्यातले पाच वाटीखाली झाका, तीन बाहेर ठेवा: "आठ होते. वाटीखाली किती?" न दिसणारे पाच मनात धरून सांगणं ही मोठी पायरी आहे. दुसरीतली बरीच लेकरं इथं अडलेली सापडतील, घाबरू नका. शेवटी चार-पाच चिंचोके टाका, एक नजर बघू द्या आणि हातानं झाका. तीन-चारपर्यंतचे मोजल्याशिवाय नुसते दिसतात. पाच-सहा असतील तर काही लेकरं म्हणतील, "तीन इकडं, दोन तिकडं, पाच." हे ऐकलं की मला नेहमी बरं वाटतं, कारण त्या लेकराला बेरीज यायला लागलेली असते.

आणि शंभरपर्यंतच्या अंकांचं म्हणाल, तर "सत्तेचाळीसच्या आधी काय?" असं विचारून बघा. कुणी चाळीसपासून, कुणी थेट एकपासून म्हणत येईल. त्यांना अंक आरतीसारखे पाठ आहेत, मधूनच सुरू करता येत नाहीत. पाठ आहेत हे चांगलंच, पुढं त्याचा उपयोग होतो. पण त्यावरून संख्या कळली असं धरू नका. मी ते धरलं होतं, आणि लेकरं तिसरीत वजाबाकीला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येकाच्या नावापुढं वहीत एक-एक ओळ लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा हेच करायचं आहे.

आता तुमचे ८ आणि ५. लेकरं एकपासून मोजतात, कारण आठ ही त्यांना अजून एकसंध गोष्ट वाटत नाही. दर वेळी एकपासून चढत तिथवर जावं लागतं. पण कृपा करून "बोटं मोजू नको" म्हणू नका. मी म्हणायचे, आणि लेकरं हात पाठीमागं नेऊन मोजायची. मग त्यांना गणिताचीही भीती आणि पकडलं जाण्याचीही. बोटं राहू द्या, वापरायची रीत बदला. सात दाखव म्हटलं की एकेक बोट उघडायचं नाही; एक पंजा आणि दोन, एकदम. आठ म्हणजे पंजा आणि तीन. नऊ म्हणजे दोन्ही पंजे, एक बोट मिटलेलं. परिपाठ झाला की दोन मिनिटं एवढाच खेळ घ्या: तुम्ही आकडा म्हणायचा, लेकरांनी हात वर करायचे.

मग फरशीवर खडूनं पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा. आठ चिंचोके ठेवले की दोन घरं रिकामी राहिलेली मोजल्याशिवाय दिसतात. आता लेकराच्या हातात आणखी पाच द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं इथं अवघड जातं, पण बसा. रिकामं घर दिसलं की ते भरावंसं वाटतंच. लेकरू आधी ती दोन घरं भरतं आणि हातात तीन उरतात. दहा आणि तीन. हे हातानं पुष्कळ वेळा झालं की फरशी पुसली तरी घरं डोळ्यापुढं राहतात. ९ आणि ६ ला एकच घर भरायचं असतं, म्हणून ते सोपं आहे, हे लेकरंच सांगतात. दहाच्या जोड्या पक्क्या करायला पुन्हा वाटी घ्या. दहा चिंचोके, काही वाटीखाली, बाहेरचे बघून आतले सांगायचे आणि सांगणाऱ्यानंच वाटी उचलायची. बरोबर की चूक ते वाटीखालचे चिंचोके सांगतात. दोन-दोन लेकरांच्या जोड्या करून दिल्या की तुम्ही तोवर दुसरा वर्ग घेऊ शकता, दोनशिक्षकी शाळेत ही सोय फार मोलाची आहे. चल्लस आठ खेळणारी लेकरं असतील तर त्यांना तो वर्गात खेळू द्या. दान पडल्यावर घर-घर न मोजता सोंगटी कुठं जाईल हे आधी सांगायचं, एवढीच अट घाला.

सत्तावीसचे ७२ हा भाग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण इथं लेकरावर फार अन्याय होतो. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारं लेकरू जे ऐकलं तेच लिहितं. 'सत्ता' आधी ऐकू आलं, सात लिहिला. 'वीस' मागून आलं, दोन लिहिला. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात एका सातचीच रूपं बघा: सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. आणि एकोणतीस? कानावर तीस पडतं आणि लिहायचे असतात २९. तेलुगूत सत्तावीसला 'इरवै एडु' म्हणतात, म्हणजे वीस सात. कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु', तेही वीस आणि सात. देगलूर, उदगीर भागात ज्या घरांत या भाषा बोलतात तिथल्या लेकराला घरी सरळ वाटणारी गोष्ट शाळेत येऊन उलटी होते. तुमच्याकडे तांड्यावरची बंजारा लेकरं असतील तर त्यांना आधी त्यांच्या गोरमाटी बोलीत मोजू द्या. संख्या कळायला भाषा कुठलीही चालते, मराठी नाव मागून लावता येतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा त्यामागचं कारण सांगितलं होतं: जोडाक्षरांची नावं आणि बोलण्या-लिहिण्यातला उलटा क्रम लेकरांना जड जातो. घरी, बाजारात, एस.टी.त सगळे सत्तावीसच म्हणतात, त्यामुळे जुनी नावं सुटणार नाहीत आणि सुटूही नयेत. पण वर्गात दोन्ही नावं जोडीनं चालवली तर फार सोपं जातं. मी "सत्तावीस" म्हणायचे, वर्ग "वीस आणि सात" म्हणायचा, मग मांडायचं आणि सगळ्यात शेवटी लिहायचं. एकोणतीसला "तीसला एक उणा" म्हणायचं. 'एकोण'चा अर्थच तो आहे, आणि तो सांगितल्यावर लेकरांचे डोळे चमकतात, कारण तोवर तो त्यांना नुसता आवाज वाटत असतो. भिंतीवर शंभर घरांची पट्टी लावून तीसच्या अलीकडच्या घरावर बोट ठेवायला लावा. ६ किंवा ३ उलटं काढणारी लेकरं असतील तर तो वेगळा आणि किरकोळ भाग आहे, सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप सुधारतं.

मांडायचं कशानं? दशक म्हणजे काय, हे मला एका पोरानं शिकवलं. तिसरीत होता. दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जायचा आणि गावात परतायचा तो एप्रिलमध्ये, शाळा संपत आलेली असताना. संख्या लिहिताना सगळं चुकायचं. एक दिवस फडातलं सांगत होता, मोळी कशी बांधतात, गाडीत किती मोळ्या बसतात, किती उरल्या. मी म्हटलं, "एका मोळीत दहाच ऊस धर. चार मोळ्या आणि सुटे दोन, तर एकूण किती?" "बेचाळीस." क्षणभरही लागला नाही. याच पोराच्या वहीत मी आठवडाभर 'दशक-एकक' असं लिहून रकाने पाडले होते आणि त्याला काही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात दशक हा शब्द मागून आला, आधी मोळी. तुरीच्या काड्यांचे वीतभर तुकडे, दहाची मोळी सुतळीनं बांधलेली. तुमच्या गावात कापूस जास्त असेल तर पऱ्हाटीच्या काड्या घ्या. दहा मोळ्या एकत्र बांधल्या की शंभराचा भारा. कडबा शेकड्यानं विकताना लेकरांनी घरी पाहिलेला असतो, त्यामुळे शेकडा त्यांना सांगावा लागत नाही.

मोळ्या लेकरांनीच बांधायच्या. तयार बांधलेल्या देऊ नका. बांधताना दहा मोजले जातात, आणि सोडता येते हे हातांना कळतं. ४२ मधून १७ काढताना जे लेकरू ३५ लिहितं (सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन) त्याला "वरून उसना घे" असं कितीही सांगितलं तरी तो मंत्रच राहतो. त्याच्यापुढं चार मोळ्या आणि दोन काड्या ठेवा आणि म्हणा, "मला सतरा दे." एक मोळी देतो. सात सुट्या द्यायच्या तर दोनच आहेत. थांबतो, आणि मग स्वतःच एक मोळी सोडतो. त्याच्याकडे दोन मोळ्या आणि पाच काड्या उरतात. उसनं घेणं म्हणजे मोळी सोडणं, हे त्यानंतर सांगायला एक मिनिट लागतं. पडताळाही त्यालाच करू द्या: उरलेल्यात दिलेल्या मिळवून बेचाळीस होतात का? ३५ लिहिणाऱ्यानं ३५ आणि १७ मांडून बघितले की ५२ होतात, आणि मग "बाई, चुकलं" असं तोच म्हणतो. त्या आवाजात भीती नसते.

बाजारातली रीतही दाखवा. किराणा दुकानदार सुटे परत देताना वजाबाकी मांडत नाही: सतराचे वीस व्हायला तीन, वीसचे चाळीस व्हायला वीस, वर दोन, झाले पंचवीस. काही लेकरांना हीच रीत आधी जमते. तीही खरी वजाबाकी आहे, वहीत चालू द्या.

तिसरीत 'दोनशे पाच'चे २००५ लिहितात, तिथंही ऐकलेलंच लिहिणं आहे. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर २०० लिहा, लहान तुकड्यावर ५, आणि तुकडा शेवटच्या शून्यावर ठेवायला लावा. दोन-तीन दिवसांत सुटतं.

आता पाटी धरणारी मुलगी. तिला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका, महिनाभर तरी. फळ्याजवळ बोलावू नका. पण तिला वगळूही नका, कारण वगळलेलं लेकराला लगेच कळतं. तिला हजेरीचं काम द्या. पट २३, हजर किती, गैरहजर किती, हे ती रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहील आणि खिचडीच्या वेळी तेवढी ताटं मांडील. ताटं कमी पडली किंवा उरली तर तिचं तिला कळेल, कुणी रागावायची गरज नाही. माझ्याकडे अशीच एक मुलगी होती. पंधरा-वीस दिवसांनी ताटं मांडताना म्हणाली, "बाई, आज चार नाहीत, म्हणून एकोणीस." मी काहीच विचारलं नव्हतं. मी फक्त "कसं काढलंस?" म्हटलं, आणि ती बोलत राहिली.

"कसं काढलंस?" हा प्रश्न रोज विचारा, पण बरोबर उत्तरालाही विचारा. आपण तो चुकलेल्यालाच विचारतो, आणि मग बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं, असं लेकरं शिकतात आणि लगेच उत्तर बदलतात. बरोबर उत्तर आल्यावरही चेहरा तसाच ठेवून विचारा, आणि दुसऱ्या कुणाला तरी, "तू वेगळं काढलंस का?" असं म्हणा. ८ आणि ५ ला एक सांगेल, आठला दोन देऊन दहा केले. दुसरं सांगेल, पाच आणि पाच दहा आणि वर तीन. तिसरं आठपासून पुढं मोजेल. तिन्ही फळ्यावर लिहा. उत्तर तेरा हे एकदा तिघांकडून आलं की तुम्ही मान हलवायची गरजच उरत नाही.

पाढे म्हणून घ्या, सोडू नका; पण 'बे चोक आठ' म्हणताना दोन-दोन काड्यांचे चार ढीग समोर असू द्या. वेळ लावून पाढे विचारणं, न येणाऱ्याला उभं करणं, हे मी केलेलं आहे आणि आजही त्याचं वाईट वाटतं. घाईत लेकरू विचार करत नाही, अंदाज मारतं. पालकांना अभ्यास घ्या म्हणू नका. बऱ्याच घरांत आईबाप अंधार पडल्यावर रानातून येतात. त्यांना एवढंच सांगा: भाकरी करताना "आपण सहा जण, दोन-दोन लागतात, किती थापू?" असं लेकराला विचारा, आठवडी बाजारात सुटे त्यालाच मोजून घ्यायला द्या. मोबाइलवरची गणितं मी फारशी वापरली नाहीत. तिथंही लेकरू हिरव्या-लाल खुणेकडे बघतं, म्हणजे बाईंच्या तोंडाऐवजी पडदा.

वरून दबाव येईल. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरलेलं आहे. भेटीला आलेले साहेब तेच विचारतील. ध्येय वाजवी आहे. पण ज्याला वाटीखालचे पाच सांगता येत नाहीत त्याच्याकडून ९९९ गिरवून घेऊन ते गाठलं जात नाही. दीड-दोन महिने मागं जाण्यात घालवले तर लेकरं पुढं भराभर येतात. साहेबांना वहीतल्या त्या ओळी दाखवा, महिन्यापूर्वीची आणि आजची.

दिवाळीनंतर तुमच्या वर्गातली काही लेकरं फडावर जातील. हंगामी वसतिगृहात राहणारी राहतील, बाकीच्यांच्या पिशवीत दहा घरं आखलेला एक पुठ्ठा आणि चिंचोक्यांची पुरचुंडी घाला. परत आल्यावर आधी तिकडं काय-काय मोजलं ते विचारा, मग वही उघडा.

काड्या आत्ताच तोडून ठेवा, तुराट्या कुणाच्याही छपराला किंवा कुडाला मिळतील. दोन्ही टोकं खरखरीत दगडावर घासून घ्या, नाहीतर लहान हातांना कूस लागते.